उजवा कान

घाटीतल्या डॉक्टरांनी कपाळावर चिमटा टेकवला,
घणघणणारा.
कुठून ऐकू येतंय?
डावीकडून, म्हणाले.

चिठ्ठीवर लिहून दिलं : हेडफोन बंद.
एचआरच्या मॅडमनी ती वाचली,
उलटी करून मागची कोरी बाजूही पाहिली.
"बॉन्ड चोवीस महिन्यांचा आहे, सुकेशनी."
अकरा महिन्यांत पहिल्यांदा
त्या मजल्यावर माझं नाव ऐकलं.
फोनवर मी सोनिया होते.

साठ हजार भरा,
नाहीतर दहावीची सनद त्यांच्या कपाटात.
मराठीत त्र्याण्णव आहेत तिच्यावर.

रात्री परतूरला मायला फोन लावला,
सवयीनं उजव्याच कानाला.
नुसती शिट्टी, कुणी गॅस बंद न केलेल्या कुकरची.
बाजू बदलली तेव्हा ती म्हणत होती,
"...राहू दे तो कागद तिथंच.
तू पास झाल्याली मला ठाव हाय."
त्याआधी काय म्हणाली, विचारलं नाही.

सकाळी सिडको स्टँडवरून गाडी.
बिघडलेला कान खिडकीला दिला.
शेजारची बाई जालन्यापर्यंत
जावयाचं सांगत राहिली,
मधेच थांबली, पाणी प्याली, परत पहिल्यापासून.
मी ऐकत राहिले.
चार मिनिटांत संपवायचं नव्हतं.