तेराव्या मिनिटाला

भूषण, काल रात्री तुझी रेकॉर्डिंग ऐकली,
दीडपट वेगाने नाही, होती त्याच वेगाने.
सत्तेचाळीस मिनिटं.
बाहेर प्रतापनगरच्या चौकात
कुणाची तरी बुलेट सुरू होत नव्हती,
आणि आत तू तुमसरच्या कटरे शेठना
एकामागून एक अकरा स्क्रीन दाखवत होतास,
पाहुण्याला घर दाखवावं तसं:
हे देवघर, ही मोरी, हा नवीन गिझर.
पाहुणा पाणी मागत होता.

तेराव्या मिनिटाला. परत ऐक.
ते म्हणतात, "गाडी दोनदा काट्यावर आली तं
पावती कोणती धरायची?"
तू म्हणतोस, "त्यावर येतोच सर,"
आणि येत नाहीस.
चौतीस मिनिटं शिल्लक होती, भूषण.

बाकीचं किरकोळ आहे, तरी सांगते.
कर्सर असा फिरवू नकोस
गुळावरच्या माशीसारखा.
बोट ठेवायचं तिथे ठेव, मग हात काढून घे.
"युजर फ्रेंडली" तू नऊ वेळा म्हणालास.
धर्मकाट्यावरचा माणूस फ्रेंडली नसतो,
त्याच्या खिडकीशी ड्रायव्हर हॉर्न मारत उभा असतो.
आणि कूलर बंद कर.
ठाऊक आहे, मे आहे, पंचेचाळीस आहे,
तुझी खोली वरची, पत्र्याखालची.
पण तिकडे ऐकणाऱ्याला वाटतं
आपण पिठाच्या गिरणीशी सौदा करतोय.

एकोणतिसाव्या मिनिटाला स्क्रीनवर
तुझ्या बायकोचा मेसेज उगवला:
"झालं की दही आणजो, आंबट नको."
तू गडबडलास. शेठ हसले.
सबंध डेमोत तेवढे एकदाच.
आणि तू म्हणालास, "सर, घरचं सॉफ्टवेअर
रोज अपडेट मागते."
"मागते" म्हणालास, "मागतं" नाही.
पुढचं एक मिनिट तू तुझ्या आवाजात बोललास.
मेसेज बंद ठेव. तो आवाज ठेव.

हे मी फार शहाणी म्हणून सांगत नाही.
माझ्याकडेही एक रेकॉर्डिंग आहे, चार वर्षांपूर्वीची,
डिलीट केलेली नाही.
त्यात उमरेडच्या एक बाई म्हणतात,
"थांबा जरा, चष्मा आणते,"
आणि मी थांबत नाही.
त्या परत येतात तेव्हा मी रिपोर्ट्सवर असते.
शेवटी म्हणतात, "छान आहे."
त्या "छान आहे"चा अर्थ न कळून
मी पुढे महिनाभर त्यांना फोन करत होते.

आज चार वाजता. वरोऱ्याची डाळ मिल.
मी कॅमेरा बंद करून एका चौकोनात, नुसतं नाव.
तू कूलर बंद केलायस, कळतंय,
कानशिलावरून धार निघालीय.
तू एकही स्क्रीन न उघडता विचारतोस,
"काका, आज काट्यावर काय अडलं?"

पिंपळशेंडे काका गप्प.
तूही गप्प.
मी मोजते: चार, पाच, सहा.
माझं बोट अनम्यूटवर. मला उत्तर येतं,
मला तीन उत्तरं येतात.
नऊ.
मी हात मांडीखाली दाबून बसते.

"थांबा," काका म्हणतात, "पोरीले बोलावतो.
काट्यावर तेच बसते."
आणि उठून जातात.

आता समोर रिकामी खुर्ची, पाठीवर पंचा,
भिंतीला मागच्या वर्षीचं बियाण्याचं कॅलेंडर.
लांब कुठे ट्रक मागे येतोय,
त्याची ती पीं पीं.
तू काहीच दाखवत नाहीस.
कर्सर एका जागी.
घामाचा थेंब हनुवटीवरून की-बोर्डवर पडतो,
तू पुसत नाहीस.
आपण दोघं
त्या खुर्चीकडे बघत बसलोय.