फोनमध्ये माझं नाव

फहाहीलमधल्या निदान तीनशे फोनांत
माझं नाव 'एसी' आहे.
नुसतं एसी.
काहींनी पुढे 'चांगला' लिहिलंय,
एका बाईंनी 'एसी, उशिरा येतो'.
बारशाला ठेवलेलं मुरलीधर
आता फक्त सिव्हिल आयडीवर उरलंय,
आणि तिथेही एक अक्षर कमीच.

ऑगस्टात मी देवाच्या थोडा वर असतो.
खोटं नाही सांगत.
देवाला लोक एकदा हाक मारतात नि वाट बघतात,
मला सकाळी सातलाच अकरा मिस्ड कॉल.
बँकेतले मोठे साहेब दार उघडतात बनियनवर,
हातात विजेचं बिल, त्यानेच वारा घेत.
"या या, बसा, सरबत घ्या!"
फेब्रुवारीत हेच साहेब लिफ्टमध्ये
माझ्या शिडीकडे बघून नाक आकसतात.

बिघाड काय आहे ते मला सगळेच सांगतात.
"गॅस संपला असणार."
अहो, गॅस म्हणजे काय पगार आहे,
महिनाअखेरीस आपोआप संपायला?
पण असं बोलायचं नसतं.
मी कान लावतो.
बेअरिंग गेलं की यंत्र
चढणीवरच्या म्हाताऱ्यासारखं धापा टाकतं.
कपॅसिटर गेला की नुसतं 'हुं' करतं –
वीज आहे, मनात पण आहे,
फक्त पहिला धक्का द्यायला कोणी नाही.

दीड दिनारची डबी, मजुरी पाच.
"पाच मिनिटांचे पाच?"
म्हणून हल्ली मी पंचवीस मिनिटं लावतो.
पान्हा उचलतो, खाली ठेवतो,
टॉर्च मारून "अरेरे" म्हणतो,
एकदा खाली गाडीपर्यंत जाऊन येतो
(गाडीत काही नसतं).
मग साहेब खुशीत पैसे देतात,
वर खजूर.

हे नाटक मला लियाकतभाई फणसोपकरांनी शिकवलं.
काम पण त्यांनीच.
"मुरल्या, तांबं लाल झालं की थांब.
पिवळं होईपर्यंत बघत बसलास
तर नळी मालकाची, बिल तुझं."
पहिल्या वर्षी मी सात नळ्या जाळल्या,
त्यातली एक त्यांनी चपलेच्या खणात जपून ठेवली होती,
मी शहाणा झाल्यासारखा बोलायला लागलो
की काढून दाखवायला.

दुपारी गच्चीवर एकावर एक रचलेली
चाळीस-बेचाळीस यंत्रं माझ्या तोंडावर फुंकतात.
खाली कुणाचं तरी बाळ दुलईत झोपलेलं असतं.
बाहेर पन्नास, आत बावीस.
शाळेत एक वाक्य पाठ केलं होतं,
उष्णता नष्ट होत नाही.
खरंय.
ती पाइपातून वर येते
आणि 'मुरलीधर कोण?' म्हणून विचारते.

आमच्या खोलीतला एसी तीन आठवडे टपकतोय.
खाली श्रीखंडाचा डबा लावलाय.
सहा जण आळीपाळीने ओततात,
आळीपाळीने मला शिव्या देतात.
शुक्रवारी बघतो, म्हणतो मी.
शुक्रवारी झोपतो.

काल रात्री शृंगारतळीहून ज्योत्स्नाचा फोन.
"पंखा फिरत नाहीये."
म्हटलं, फोन वर धर जरा.
ती स्टुलावर चढली असावी,
बांगड्या वाजल्या,
मग आला तो आवाज.
"कपॅसिटर," मी म्हटलं, "साठ-सत्तर रुपये.
रमाकांतच्या दुकानात मिळेल."
"आणि लावायचा कोणी?"
"अगं, पाच मिनिटांचं काम आहे."
"पाच मिनिटांचं," ती म्हणाली,
"मग तुम्हाला तिथे चौदा वर्षं कशी लागली?"

मी काहीतरी बोललो,
पुढच्या मे महिन्याबद्दल असेल.
पलीकडून नुसतं 'हुं' आलं.

इमारतीतलं कुठलंही यंत्र मी जिन्यावरून ओळखतो.
पण तो पंख्याचा होता की तिचा,
सकाळपासून शिडीवर तेच चाललंय डोक्यात,
आणि खाली साहेब विचारताहेत
अजून किती वेळ.