त्रेपन्न तोळे

बोहोरपट्टीतलं ते दुकान: पुढच्या कपाटात कुलपं,
मागच्या कपाटात बंदुका.
हुसेनीभाईंनी मखमलीवर तीन पिस्तुलं मांडली,
मी गिऱ्हाइकापुढे पाटल्या मांडते तशी.
"ताई, हात दाखवा," म्हणाले.
मी तळहात पुढे केला, ज्योतिषाला दाखवावा तसा.
त्यांनी फक्त बोटांची लांबी पाहिली.

पहिलं देखणं होतं. मोठं.
वरातीत हवेत बार काढणाऱ्यांसाठी.

दुसरं इतकं छोटं की करंड्यात मावेल.
"पण उसळतं फार," हुसेनीभाई म्हणाले,
"खिशाला सोपं ते हाताला अवघड."
मला हसू आलं. चांदीतही तसंच,
पोकळ पैंजण जास्त वाजतं.

तिसरं घेतलं.
का, ते अजून नीट सांगता येत नाही.
काळं, सपाट, कडा घासलेल्या,
कापडात कुठे अडकणार नाही असं.
सराफ बाजारात परत येऊन शटर अर्धं ओढलं
आणि काट्यावर ठेवलं.
त्रेपन्न तोळे, वर काही गुंजा.
गोळ्या वेगळ्या.
बावीस वर्षं याच काट्यावर
लोकांची लग्नं तोलली, ऑपरेशनं तोलली,
एकदा तर एका बाईनं नवऱ्याची आठवण मोडीत दिली.
भाव मला झोपेतही सांगता येतो.
त्या दिवशी आकडा थांबला
आणि मी नुसती बघत राहिले.

परवान्याच्या अर्जात 'कारण' असा रकाना होता.
स्वसंरक्षण, असं लिहिलं.
रविवार कारंजापासून घराच्या वळणापर्यंत
तीन रात्री मागे आलेली मोटारसायकल
त्या रकान्यात मावली नसती.

गोदेला पूर येतो तेव्हा सोपं असतं.
दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी, खालच्या फळ्या रिकाम्या.
कमरेला, तिजोरीतला माल माडीवर.
छातीला, दुकानाला कुलूप आणि हात जोडायचे.
भीतीच्या पात्रात कुणी मारुती उभा केलेला नाही.
कुठवर चढली की हत्यार घ्यायचं,
कुठवर उतरली की परत द्यायचं,
कुणाला विचारू?

साडीला खिसा नसतो.
शैलाबाई खैरनारकडे गेले. म्हटलं,
परकराला आतून खिसा हवा, उजवीकडे, जाड कापडाचा.
"काय ठेवणार?"
"मोबाईल."
पुठ्ठ्यावर काढलेला आकार तिच्यापुढे ठेवला.
तिनं पाहिला. फिरवून पाहिला.
"वाकडा आहे हो तुमचा मोबाईल,"
आणि गपचूप दुहेरी अस्तर लावलं.
निघताना म्हणाली,
"माझ्याही परकराला खिसा आहे.
मिरचीपूड ठेवते."

तेव्हापासून मी उजवीकडे झुकते.
बारशाला मांडी घालून बसत नाही,
गुडघे दुखतात असं सांगते.
गळ्यात पडायला आलेल्या मावशीला
डाव्या बाजूनं घेते.
काल एका गिऱ्हाइकानं नुसतं छत्री उघडायला
बॅगेत हात घातला, आणि मी त्याच्या हाताकडे
ज्या नजरेनं पाहिलं ती नजर
माझी नव्हती. त्रेपन्न तोळ्यांची होती.

मग आचारसंहिता लागली.
सरकारवाडा ठाण्यात हत्यारं जमा करायची रांग:
एक द्राक्षवाले, एक बिल्डर, एक निवृत्त सुभेदार, मी.
कुणी कुणाकडे पाहिलं नाही,
लॅबमध्ये बाटली धरून उभे असतात तसे.
हवालदारानं नंबर टिपला, शिक्का मारला,
पावती दिली.
ती चौघडी करून त्याच खिशात ठेवली.

रात्री दुकान बंद करून निघाले.
भांडी बाजारात घंगाळं आत घेण्याचा खणखणाट.
मागून मोटारसायकल आली.
हात गेला.
खिशात कागद कुरकुरला.
गाडी पुढे गेली, मागे दुधाचा कॅन बांधलेला,
रिकामा, आपटत.

मी तिथंच उभी राहिले थोडा वेळ.
मग चालू लागले,
अजूनही उजवीकडे झुकून.