तिसरी प्रत

पाडव्याला नवा कंप्युटर आला,
हळदकुंकू लागलं, समोर पेढा ठेवला,
आणि त्यानं आमच्या प्रिंटरला
ओळखच दाखवली नाही.

एकोणीस वर्षं गुळाच्या पट्ट्या मारतोय तो
मार्केट यार्डात, याच टेबलावर.
पोटात मुंग्या, बटणांवर चिकटा,
आवाज असा की मालक फोनवर म्हणतात,
थांबा हो, पट्टी निघतीय.

लेझर घ्या की, पोरं म्हणतात.
लेझर कागदाला नुसता कुरवाळतो, बाबांनो.
हा ठोकतो.
ठोकल्याशिवाय कार्बनखाली
शेतकऱ्याच्या पिवळ्या कागदावर
काही उमटत नाही.

उद्यमनगरातून इर्शाद शिकलगार आला,
तोंडात सुपारी, पिशवीत केबली.
जुन्या रुंद पिनांना नव्यात भोकच नाही,
मधे एक दुभाषी जोडला.
ड्रायव्हर शोधला. नाही.
परत. नाही.
बाहेर सौदे सुटले, हमाल जेवून आले.

शेवटी त्यानं कंप्युटरला सरळ थाप मारली:
हा कुणी मोठा नाही,
साधा मजकूर छापणारा आहे.
पटलं त्याला.

कर्रर्र.
रवे बेचाळीस. दर, तोलाई, हमाली,
पैशापर्यंत बरोबर.
नावाच्या जागी मात्र
ओळीनं अकरा प्रश्नचिन्हं.
इर्शाद ओशाळला. म्हणाला, मराठी येत नाही त्याला आता.

मी बॉलपेन घेतलं,
प्रिंटरसारखंच दाबून लिहिलं:
हिंदुराव सखोबा चेचर, मु. पो. वडणगे.

मग पिवळा कागद उचलून बघितला.
आलंय.
'वडणगे' जरा फिकट.