फलाट तीन, मिरज

हुबळीची गाडी चाळीस मिनिटं लेट,
म्हणून ती आम्हाला दिसली.
नव्या चपला, तळाला अजून किमतीचं लेबल.
सोबतचा म्हणाला, मावसबहीण आहे,
हळदीच्या कारखान्यात लावतोय.
दर्ग्यापाशी फुलं विकणाऱ्या जैबुन्निसानं
नुसतंच विचारलं,
"बाळ, तुझ्या मावशीचं नाव काय गं?"

गाडी आली. गेली.
तोही गेला, पाण्याची बाटली बाकावर ठेवून.

मी चर्चची मागची खोली उघडली.
इंदुताई गुरवांनी देवळातला प्रसादाचा भात आणला,
बुडाशी करपलेला.
तिनं तोही खरवडून खाल्ला,
भिंतीकडे तोंड करून झोपली,
चपला उशाखाली घेऊन.

बालकल्याणच्या बाई सकाळी येणार,
त्याआधी वहीत नोंद हवी.
मी पेन उघडून बसलेली.
पहाटे म्हणाली,
"नाव खरं सांगू,
का त्यानं शिकवलेलं?"