कूलरच्या टाकीतले मुळे

इस्माइल टिनवाल्यानं टाकीत डोकं घातलं
आणि तळाशी चमकणारी भोकं मोजली.
"नवा पत्रा लागन बाई. हे तं गेलं कामातून."
ऑक्टोबर होता, घाई नव्हती.
भोकं पडलेली टाकी म्हणजे आयता निचऱ्याचा वाफा,
हे मला त्या रात्री पोळ्या लाटताना सुचलं.

माती मानेवाड्यातल्या एका खोदलेल्या प्लॉटवरची,
काळी, चप्पल सोडत नाही अशी.
निम्मी कन्हानची रेती, घमेलंभर शेणखत,
आणि कालवताना हाती लागलेला कुणाचातरी लाल मणी.
तो तसाच राहू दिला आत.

इतवारीत डोमाजी नाकाडे
बी देण्याआधी गिऱ्हाईक तपासतात.
"जमीन किती खोल हाय?"
"एक फूट."
चष्मा कपाळावर गेला.
"मंग हा लाल, गोल घ्या. महिन्यात मोकळ्या.
पांढरा लांब जाते, बाई. त्याले खाली जागा पाह्यजे."
दोन्हींचं बी तळहातावर घेतलं.
सारखंच. तांबूस, मोहरीहून थोराड.
कोण किती खोल जाणार
याची वरून काही खूण नाही.
लाल मुळा मला मुळाच वाटत नाही,
लग्नाच्या पंगतीतली शोभा वाटतो.
मी पांढरा घेतला.
नाकाड्यांनी सुटे पैसे दिले
आणि माझ्या मागच्याला म्हणाले, "बोला."

एकतीस वर्षं तहसील कचेरीत टायपिंग केलंय,
ओळ सरळ येते माझी.
पेरभर खोल, चार बोटं जागा सोडून, पुन्हा एक खळी.
प्रत्येकीत दोन दाणे, एखादा दगा देईल म्हणून.
एकानंही दिला नाही.

आता विरळणी.
कचेरीत चुकलेलं अक्षर खोडायचे,
इथं बरोबर आलेलं खोडायचं होतं.
तीन सकाळी नुसती चहा घेऊन उभी राहिले.
मग रामटेक्यांची सांची आली, दुसरीतली.
"कोणता उपटू?" विचारलं
आणि उत्तराआधीच चिमटीनं उपटत सुटली.
उपटलेले नळाखाली धरून खाल्लेही.
"तिखट हायेत," म्हणाली,
"अजून आहेत का?"

थंडी पडली तशी जुन्या ताट्यांतली खस काढून
वाफ्यावर अंथरली.
पाणी शिंपडलं की जानेवारीच्या धुक्यात
गच्चीभर मे महिना.
ह्यांच्या शेवटच्या उन्हाळ्याचा वास, असं म्हणणार होते,
पण तो सगळ्याच उन्हाळ्यांचा आहे.

पन्नासाव्या दिवशी पहिला ओढला.
हातभर येईल म्हणून जोर लावला
आणि बसकन मागे पडले.
तळाशी पत्रा लागताच तो काटकोनात वळला होता,
कोपरावर रेललेल्या माणसासारखा.
दुसऱ्याला दोन पाय.
तिसऱ्याचं शेपूट भोकातून बाहेर येऊन
हवेत लोंबत होतं, उजेडानं हिरवं पडलेलं.

किसला. दही, मीठ, वरून मिरचीची फोडणी.
पाल्याला मुगाची डाळ.
एक वाकडा नाकाड्यांना नेऊन दाखवला.
त्यांनी काउंटरवर फिरवून पाहिला.
"जागा शोधत होता लेकाचा," म्हणाले
आणि डब्याच्या पिशवीत टाकला.

कोपऱ्यातला एक राहून गेला.
त्याला काठी फुटली, पांढरी फुलं आली,
जांभळ्या शिरांची,
आणि होळीपर्यंत डिंगऱ्या लागल्या,
भाजीपुरत्या नव्हेत, बियाण्यापुरत्या.

पारा अडतीसवर.
इस्माइल नवा पत्रा घेऊन दारात.
"डिंगऱ्या वाळायच्यात अजून. पंधरा दिवसांनी ये."
"पंधरा दिवस? गर्मी पाहा ना, बाई."
पाहत होतेच. पदर पाठीला चिकटला होता.
त्याला तांब्याभर पाणी दिलं.
तो अर्धं प्यायला.
उरलेलं मी कोपऱ्यात ओतलं.