मादी : अद्याप अज्ञात

लांबी एक पूर्णांक तीन दशांश मिलीमीटर.
म्हणजे केवढा गं, आईनं फोनवर विचारलं.
म्हटलं, ज्वारीच्या पिठात चाळूनही
एखादी कोंड्याची कुसळ राहून जाते ना, तेवढा.
मग त्याला पाय कुठून असणार?
आहेत. सहा आहेत. मी मोजलेत.

रंग काळसर, कडांना चहाच्या गाळासारखा.
पाठीवर बारीक खड्ड्यांच्या ओळी, दोन्ही कवचांवर दहा-दहा,
आणि सहाव्या ओळीत, खांद्यापाशी, एक खड्डा गाळलेला.
आधी वाटलं, हा याच एकाचा दोष.
मग दुसरा पाहिला. तिसरा.
अकराच्या अकरा नरांत तो तिथेच गाळलेला.
त्या दुपारी मी डबा उघडायची विसरले.
चूक एकाची असली तर व्यंग म्हणायचं,
सगळ्यांची एकच असली तर जात.

ठिकाण : मोखोटलाँगच्या वर, जिथे गाडी थांबते
तिथून तट्टावर साडेचार तास.
उंची तीन हजार एकशे दहा मीटर.
एक झरा, खरं तर ओलसर गवतातली एक जखम,
काठाला सकाळच्या बर्फाचा पापुद्रा,
मेंढ्यांच्या खुरांचे ठसे पाण्यानं भरलेले.

तो पाण्यात उलटा चालतो.
पाण्याच्या सायीला खालून धरून,
पोटाशी हवेचा चांदीसारखा वर्ख,
पाय वर, पाठ तळाकडे.
म्हणजे आपलं आभाळ
त्याच्या पायाखालून जातं.

हे मी भिंगातून पाहत होते तेव्हा
सेखोबे पाणी प्यायला वाकला.
वय चौदा, अंगावर ब्लँकेट, पायात गमबूट,
मागे एक संशयी कुत्रा.
आधी त्यानं पाण्यावर हळूच फुंकर घातली,
मग प्यायला.
का रे?
बाजूला व्हावेत म्हणून.
गिळले तर पोटात चालत राहतात, आजोबा सांगायचे.
म्हणजे तुला हे माहीत आहेत?
त्यानं माझ्याकडे असं पाहिलं
जसं मी त्याला विचारलं होतं, तुला मेंढ्या माहीत आहेत का.

चिठ्ठीवर 'संग्राहक' या शब्दापुढे माझं नाव आहे.
त्याखाली, डोळ्यांना ताण पडेल इतक्या लहान अक्षरांत,
मी सेखोबे त्साबानेही लिहिलं.

अल्कोहोलात टाकला तेव्हा
पोटाखालचा वर्ख सुटला, गोल झाला,
वर आला, फुटला.
याला शास्त्रात रकाना नाही.

नाव ठेवलं मोएआ.
आमच्या सेसोथोत वारा म्हणजे मोएआ,
श्वास म्हणजे मोएआ,
आणि माणूस गेल्यावर जे घरात थोडा वेळ घुटमळतं, तेही.
संपादकांनी कळवलं : नावाला हरकत नाही.
'अधिवास' खालचं शेवटचं वाक्य मात्र वगळावं.
ते वाक्य असं होतं :
येथील लोक पाणी पिण्यापूर्वी फुंकर घालतात.
वगळलं.

मादी मिळाली नाही, म्हणून मार्चमध्ये पुन्हा गेले.
सेखोबे नव्हता. खाली धरणाच्या बोगद्यावर लागलाय म्हणे,
वय अठरा सांगून.
त्याचे गमबूट त्याच्या धाकट्या भावाच्या पायात होते,
चालताना टाच आत आपटायची, ठप ठप.
कुत्रा तोच. त्यानं मला ओळखलं, पण मान्य केलं नाही.

पोरगा वाकला, फुंकर घातली, प्यायला,
ब्लँकेटच्या कोपऱ्यानं तोंड पुसून
माझ्यासाठी जागा सोडून बसला.
पाण्याखाली त्यांची पांगापांग झालेली.
त्यांतली कुठली ती, कसं सांगणार?

मलाही तहान लागली होती. वाकले.
पण बाटलीचं बूच दातांत धरलेलं,
फुंकर घालता येईना.